मदत हवी आहे: कमोडोर या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवरचे नाझी प्रचाराचे गेम, तारीख कशी ठरवायची?

सायली_म्युनिक: सोमवारी सेमिनारचा मसुदा द्यायचाय आणि मी अडकलेय. ऐंशीच्या दशकातले ते गेम नक्की कोणत्या साली आले? मागे नव-नाझी पक्ष होता की शाळकरी मुलं? डी६४ फाइलमधून (जुन्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज) तारीख कशी काढतात? प्लीज लवकर सांगा.

वाटसरू: कोणते 'ते गेम'? देश कुठला?

जुना_खेळाडू: मामांनी दुबईहून स्पेक्ट्रम कॉम्प्युटर आणला होता. कॅसेट लोड होईना की हेडचा स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचो. ते दिवसच वेगळे!

सायली_म्युनिक: पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया. 'अँटी-ट्युर्केन-टेस्ट' आणि 'केझेड-मॅनेजर'. शीर्षकावरून कळेल असं वाटलं.

वाटसरू: शीर्षकावरून काहीही कळत नाही. पहिल्यात प्रश्नोत्तरांच्या नावाखाली तुर्की लोकांविषयी विष आहे, दुसऱ्यात छळछावणी 'चालवायची'. १९६१च्या करारानंतर जर्मनीने तुर्की मजूर बोलावले, १९७३ला भरती थांबवली, १९८३ला परत जाणाऱ्यांना पैसे देणारा कायदा केला. हे गेम त्या हवेतले आहेत. ते दुकानात विकले जात नव्हते. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरायचे, त्यामुळे करणाऱ्याचं नावगाव राहत नाही. पुराव्याशिवाय 'पक्षाने केले' असं लिहू नका.

कायदेपंडित: सरळ उत्तर: जर्मनीत सगळे युद्धाचे गेम बंद होते. १९८४ला 'रिव्हर रेड' हा गेमसुद्धा मुलांसाठी घातक गेमांच्या सरकारी यादीत टाकला. वोल्फेनस्टाईन थ्रीडी तर १९९४ला जप्त.

वाटसरू: चूक. यादीत टाकणं म्हणजे अल्पवयीनांना विक्री आणि जाहिरात बंद, प्रौढांना मिळायचा. जप्ती कोर्टाची, ती वेगळी. आणि वोल्फेनस्टाईनमध्ये खेळणारा नाझींना मारतो, तिथे अडचण स्वस्तिकाची होती. केझेड-मॅनेजरशी त्याची बरोबरी करणं मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

कायदेपंडित: चिन्ह तेच, नाझी चिन्हांवर बंदी घालणारं जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ तेच. कायदा हेतू बघत नाही.

वाटसरू: बघतो. शिक्षण, संशोधन आणि कलेला कायद्यातच सूट आहे. २०१८पासून गेमसाठीही प्रत्येक वेळी वेगळा विचार होतो.

फ्लॉपीवाला: तारखेचं सांगतो. कमोडोरच्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हच्या डिरेक्टरीत, म्हणजे फ्लॉपीवरच्या फाइलींच्या यादीत, तारीख नसतेच. फाइलचा प्रकार, १६ अक्षरांचं नाव, ट्रॅक-सेक्टर, किती ब्लॉक, बस. डी६४ फाइलला दिसणारी तारीख ती इमेज बनवणाऱ्याची किंवा उतरवून घेणाऱ्याची. ती वापरली तर मसुदा पहिल्या पानावर पडेल. ती गेमांची यादी करणाऱ्या बाल-तरुण संरक्षण मंडळाचे निर्णय सरकारी राजपत्रात छापून यायचे. तिथली तारीख काढा, म्हणजे 'त्याआधी गेम होता' एवढं तरी पक्कं. १९९१ला अमेरिकन वर्तमानपत्रांतही या गेमांवर लिहून आलंय.

जुना_खेळाडू: १५४१ केवढा तापायचा! वर चहाचा कप ठेवला की गरम राहायचा.

सायली_म्युनिक: म्हणजे बाहेरून अलीकडची सीमा मिळेल, मूळ साल नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं: माझ्या सेमिनारमधल्या मैत्रिणीचे बाबा १९८७ला आठवीत होते. वर्गात ते एकटेच तुर्की. मधल्या सुट्टीत एका मुलाने त्यांच्या हातात फ्लॉपी दिली, वर लेबल 'इंग्रजी शब्द'. घरी लावली आणि पहिला प्रश्न वाचून त्यांनी वीज बंद केली. त्यांच्या आईला जर्मन वाचता येत नव्हतं. ती शेजारी बसून विचारत होती, काय झालं?

फ्लॉपीवाला: अहो, हे तीन दिवस दडवून ठेवलंत? वर्ष आहे, वर्ग आहे, हातोहात फिरल्याची साक्ष आहे. नाव न देता मुलाखत घ्या. साल त्यांनी कशावरून लक्षात ठेवलंय तेही विचारा. आणि बर्लिनच्या कॉम्प्युटर गेम संग्रहालयाला आजच मेल टाका.

वाटसरू: फ्लॉपी आहे का अजून त्यांच्याकडे?

सायली_म्युनिक: त्यांनी ती परत केली होती. दुसऱ्या दिवशी, काही न बोलता. मेल पाठवलाय, रविवारी त्यांच्याकडे जातेय.

कायदेपंडित: मसुदा जर्मनमध्ये आहे की इंग्रजीत? जर्मन असेल तर मी तपासून देतो.