फेंग झँगसारखी पोरं सोलापुरात का घडू नयेत?

होटगीरोडकर:
जीवशास्त्रज्ञ फेंग झँग अकराव्या वर्षी चीनमधून अमेरिकेत आयोवाला आला. शाळेच्या शनिवारच्या वर्गात त्याला जीवशास्त्राची गोडी लागली. शाळेत असतानाच तो गावातल्या हॉस्पिटलच्या जीन थेरपी (जीन वापरून उपचार) लॅबमध्ये जायला लागला. तिथं त्यानं जेलीफिशचं चमकणारं प्रोटीन माणसाच्या कॅन्सरपेशीत आणलं. पुढं स्टॅनफर्ड विद्यापीठात शास्त्रज्ञ डायसेरॉथ यांच्याकडं शेवाळातलं प्रोटीन मेंदूच्या पेशीत बसवून ती निळ्या उजेडानं चालवायच्या कामात होता (२००५). जानेवारी २०१३ मध्ये त्यानं क्रिस्परनं, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या कात्रीनं, माणसाच्या पेशीतला डीएनए कापून दाखवला. या सगळ्याच्या मुळाशी आहे ती त्याच्यासाठी लवकर उघडलेली लॅब. आपल्या कॉलेजांनी अकरावी-बारावीच्या पोरांना शनिवारी लॅब उघडून द्यावी.

पूर्वभागकर:
साहेब, पटत नाही. त्याची आई कॉम्प्युटर क्षेत्रातली, पुढं हार्वर्ड, स्टॅनफर्ड. इथं बाप यंत्रमागावर, आई विड्या वळते. पोरगं नीटची परीक्षा देईल की शनिवारी लॅबमध्ये पिपेट (थेंब मोजायची नळी) धरेल? आणि एवढं करून क्रिस्परचं २०२० चं नोबेल गेलं शार्पेंतिए आणि डाउडना यांना. झँगच्या संस्थेच्या वाट्याला वर्षानुवर्षं पेटंटची कोर्टबाजी.

सांगोल्याचा बागायतदार:
नोबेलचं सोडा हो. माझ्या डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग आला की आधी पानावर तेलकट ठिपके, मग फळावर काळे डाग, आणि तोडणीला आलेलं फळ तडकतं. बोर्डो मिश्रण मारा, दुसरं औषध मारा, पावसाळी हवेत काही चालत नाही. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास, भातावरच्या कडा करप्याचा भाऊबंद. तो करपा भाताच्या साखर वाहणाऱ्या जीनचा फायदा घेतो. शास्त्रज्ञांनी क्रिस्परनं तो जीन चालू करणारं बटण बदललं आणि भात टिकला. डाळिंबात हे कधी होणार? केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आमच्या तालुक्यातली पोरं तिथं शिकायला जायला नकोत का?

पूर्वभागकर:
दादा, भात आणि डाळिंब एक नाही. डाळिंबात एका पेशीपासून अख्खं झाड उभं करणं हेच आधी अवघड. ते काम शनिवारच्या पोरांचं नाही, पगारी माणसांचं. त्यासाठी जागा भरा म्हणा.

होटगीरोडकर:
जागा भरायलाच हव्यात, त्यात दुमत नाही. पण त्या जागांवर बसणारं माणूस आज कुठल्यातरी अकरावीत आहे. त्यानं पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र) चित्रातच पाहिलं, तर ते अर्ज कशाच्या जोरावर करणार?

पूर्वभागकर:
मग लॅबबरोबर मानधनही द्या. सुट्टीच्या दिवशी मागावर उभं राहणाऱ्या पोराचा शनिवार फुकट मागू नका. तेवढं असेल तर मीही माझ्या पुतणीला पाठवतो.