शिशुधानी, अंडकप्पा की गर्भाशय?

शेवाळ: बाल्टिक समुद्रातल्या ‘मोनोपोरिया अफिनिस’ या अँफिपॉडवरचा, म्हणजे खेकडा-कोळंबीसारख्या छोट्या कवचधारी जिवावरचा लेख मराठीत आणतोय. थंड पाण्याच्या तळाशी गाळात राहतो, जेमतेम ८-९ मिलिमीटर. मादी अंडी जिथे सांभाळते त्याला ‘शिशुधानी’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ‘हे कांगारूचं’ म्हणून ‘गर्भाशय’ केलं. काय ठेवू?

पाणकावळा: गर्भाशय साफ चूक. अंडी शरीराबाहेर असतात. छातीच्या पायांच्या मुळाशी पातळ पाती असतात. वयात येतानाची कात टाकली की त्यांच्या कडांना लांब केस फुटतात आणि पाती एकमेकींत गुंतून कप्पा होतो. फलन त्यातच, आणि पाणी सतत खेळतं. ‘अंडकप्पा’ लिहा.

खाजण: ‘कात’ सापाची. कवचधाऱ्यांचं ‘निर्मोचन’.

पाणकावळा: खेकडा कात टाकतो असंच सगळे बोलतात. निर्मोचन फक्त परीक्षेत.

नितल: ‘अंडकप्पा’ अपुरा. त्यातून अंडी नाही, पिल्लं बाहेर पडतात. मीलन नोव्हेंबरच्या आसपास, हिवाळाभर भ्रूण आत वाढतात, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सुटतात. मग लगेच वसंतातले डायटम (सूक्ष्म शैवाल) तळाशी बसायला लागतात, पिल्लांना खायला मिळतं. शिशुधानीच बरोबर.

शेवाळ: त्या पिल्लांना ‘डिंभ’ (प्रौढाहून वेगळी दिसणारी अळी) लिहिलंय.

नितल: काढा! डिंभावस्थाच नाही, पिल्लू म्हणजे छोटा प्रौढच. आणि ‘दर हिवाळ्यात वीण’ असं कुठे लिहिलं असेल तर तेही काढा. नर मीलनानंतर मरतो, मादी पिल्लं सोडल्यावर. वीण आयुष्यात एकदाच. उथळ भागात आयुष्य साधारण २ वर्षांचं, बाल्टिकच्या उत्तरेकडच्या बोथनियाच्या आखातात खोल पाण्यात ३-४.

पाणकावळा: स्वीडनमध्ये प्रदूषण तपासायला याच माद्यांचे भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. विकृत भ्रूण वाढले तर संशय विषारी रसायनांवर, अख्खी वीण मेलेली असेल तर आधी ऑक्सिजन तपासायचा. गाळ चाळताना जोर लागला तर पाती उघडतात, अंडी सांडतात, मोजणी कमी भरते. म्हणून म्हणतो, बंद पिशवी वाटेल असा शब्द नको.

खाजण: मुळात ‘अँफिपॉड’ तरी का? ‘उभयपाद’ आहे की.

पाणकावळा: वाचणारा उभयचर समजतो.

खाजण: समजू दे, मग शिकेल. छातीवर पायांच्या ७ जोड्या, चालायच्या पायांपैकी काही पुढे वळलेले, काही मागे. दोन्हीकडे पाय म्हणून उभयपाद. शब्दच शरीररचना सांगतो.

किनारा: एवढं कशाला? ‘जवळ्यासारखा जीव’ लिहा, कोकणात सगळ्यांना कळेल.

नितल: नको. जवळा दशपाद (दहा पायांच्या गटातला), कोळंबीच्या गोतातला. तो अंडी थेट पाण्यात सोडतो, कप्पा नाहीच. आणि ‘डिंभ’ शब्द लागतो तो तिथे.

किनारा: पण सुक्या जवळ्यात अँफिपॉडही सापडतात.

नितल: जाळ्यात आले म्हणून जवळा होत नाहीत.

शेवाळ: आणि शिशुधानी?

खाजण: आधी ‘उभयपाद’ करा, मग बघू.