तांबूचा पाय बरा वाटतो आणि पुन्हा लंगडतो, काय करू?

तांबूची ताई:
नमस्कार मंडळी. आमचा तांबू नऊ महिन्यांचा लॅब्रॅडॉर. अकरा दिवसांपूर्वी चेंडूमागे सोफ्यावरून उडी मारली आणि फरशीवर डावा पुढचा पाय घसरला. एकदाच कळवळून ओरडला, मग पाय उचलून धरून नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, एक्स-रे काढला. हाड शाबूत, लचक भरलीय म्हणाले. पाच दिवस दुखण्यावरचं औषध आणि दोन आठवडे सक्त विश्रांती सांगितली.

तिसऱ्याच दिवशी हा घरभर उड्या मारायला लागला. मला वाटलं, कोवळं वय आहे, भरून आलं असेल. पट्टा सोडला, पंधरा मिनिटं मनसोक्त पळू दिलं. औषध संपलं आणि दोन दिवसांत लंगडणं परत सुरू. सकाळी उठतो तेव्हा पाय आखडलेला असतो, आठ-दहा पावलांनी मोकळा होतो, संध्याकाळी पुन्हा तेच. सूज नाही, खाणंपिणं नेहमीसारखं.

हाड मोडलेलं नाही, मग इतके दिवस का? आणि या वयाच्या पोराला एका जागी बसवायचं तरी कसं? बांधून ठेवलं की असा बघतो माझ्याकडे, की पोटात तुटतं.

झिपरीची आई:
ताई, आमच्या झिपरीचं असंच झालं होतं, म्हणून कळकळीनं लिहिते. औषधानं ठणका उतरतो, पण ताणलेला स्नायू सांधायला आठवडे लागतात. दुखत नाही म्हटल्यावर ती पळणारच, तिला काय कळतंय! झिपरीची विश्रांती मी दोनदा पहिल्या दिवसापासून मोजली.

तुम्ही आधी सोफ्याकडे जायची वाट बंद करा. घसरत्या फरशीवर चटया अंथरा. शी-शूला आखूड पट्ट्यावर न्यायचं आणि सरळ परत आणायचं. दिवसभर बांधून ठेवण्यापेक्षा छोटी खोली किंवा जाळीचं कुंपण बरं, पट्ट्याला हिसके देऊन पाय आणखी दुखावतो.

आणि डोकं दमवा. मी जुना टॉवेल पसरून त्यावर तिचं खाणं पेरायचे, गुंडाळी करायचे आणि मधोमध सैलसर गाठ मारायचे. आडवी पडून, दोन्ही पंजांत टॉवेल धरून वीस-वीस मिनिटं नाकानं उलगडत बसायची. सुटला की सुस्कारा टाकून तिथंच झोपायची. तांबूचा पाय दुखरा आहे, म्हणून गाठ अगदी ढिली ठेवा, ओढाताण नको.

रानवाट:
ताई, या आठवड्यातच पुन्हा दाखवा. औषध थांबल्यावर लंगडणं परतलंय, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं साधारण 12 ते 18 महिन्यांपर्यंत वाढत असतात. वाढ होते तो टोकाचा भाग नाजूक असतो आणि तिथली दुखापत पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. झोपून उठल्यावर आखडणं आणि चालल्यावर मोकळं होणं हे कोपराच्या सांध्याच्या वाढीतल्या दोषातही होतं, आणि लॅब्रॅडॉरमध्ये तो बऱ्यापैकी आढळतो. पडणं हे फक्त निमित्तही असू शकतं. घाबरवत नाही, पण कोपर तपासून घ्याच. एका पायाचं लंगडणं दुसऱ्या पायात गेलं तर तेही सांगा, वाढत्या वयात हाडं दुखण्याचा एक आजार असा पाय बदलतो.

रोज सकाळी एकाच जागी, समोरून, चालतानाचा व्हिडिओ काढा. डोक्याकडे बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. दवाखान्यात कुत्री अंगातलं बळ एकवटून नीट चालतात, तिथं हाच व्हिडिओ कामी येतो. बोटांच्या बेचक्या आणि नखांची मुळंही बघा. आमच्याकडे एकदा नुसता काटा निघाला होता.

नवा_पालक:
तोवर माणसांची दुखण्यावरची अर्धी गोळी दिली तर? वर बाम चोळायचा?

झिपरीची आई:
नाही, कृपा करून नाही. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलनं यकृताला इजा होते. बाम ते चाटतात. उरलेलं जुनं औषधही विचारल्याशिवाय देऊ नका. आणि पाय अजिबात टेकेनासा झाला, वाकडा दिसला किंवा सूज वाढली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तांबूची ताई:
आज एकविसावा दिवस, म्हणून परत लिहितेय. रानवाट, तुमचं ऐकून चौदाव्या दिवशी गेले. टेबलावर तांबू शहाण्यासारखा उभा, तपासताना हूं नाही की चूं नाही. व्हिडिओ दाखवला तेव्हा डॉक्टरांनी तो तीनदा पाहिला. दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले, दोन्ही चांगले आहेत. मग पाय हळूच मागे नेत खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट दाबलं, तर त्यानं झटकन मान वळवून त्यांचा हात चाटला. दुखणं तिथं होतं. खांद्याचा स्नायू, मी पळू दिला त्या दिवशी पुन्हा ताणला गेलेला.

विश्रांती नव्यानं मोजतोय, चार आठवडे. सात दिवस झाले. टॉवेल त्याला फार आवडलाय, संध्याकाळी स्वतःच तोंडात धरून आणतो. बांधत नाही, कुंपणापाशी माझी चटई टाकली आहे, मी तिथंच बसून काम करते. आज सकाळच्या व्हिडिओत उठल्यावरची पहिली तीन पावलं अडखळत पडली, मग डोकं सरळ राहिलं. गेल्या आठवड्यात आठ-दहा असायची.

आता चार आठवडे झाल्यावर पट्ट्यावर पाच मिनिटांपासून सुरुवात करायला सांगितलंय. ती वाढवताना तुम्ही दर आठवड्याला किती वाढवली होती?