चाचणीचा भोंगा वाजला आणि... तुमचेही अनुभव लिहा

पेठमापची

काल सकाळी चिपळूणला पावसाळ्याआधीची पुराच्या भोंग्याची चाचणी झाली. आदल्या दिवशी रिक्षा फिरली होती, व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता, तो मीच तीन ग्रुपवर पुढे पाठवला होता. सगळं ठाऊक असूनही भोंगा सुरू झाला तशी पोळी तव्यावर टाकून सासूबाईंच्या खोलीकडे धावले. त्या उठून बसलेल्या. पायात चपला, मांडीवर औषधांची पिशवी, त्यात रेशनकार्ड. मला म्हणाल्या, "कुठपर्यंत आलंय?"

२२ जुलै २०२१. आमच्याकडच्यांना नुसती तारीख पुरते. त्या रात्री लाइट गेलेली, पावसाचा आवाज एवढा की शेजारच्या खोलीतलं बोलणं कळेना. २००५ ला पाणी आमच्या दुसऱ्या पायरीला टेकून परत गेलं होतं. त्या हिशोबाने आम्ही सामान फक्त कॉटवर चढवलं. पहाटे कॉटच तरंगली. वर घरमालकांकडे दिवसभर आणि पुढची रात्र काढली. अंधारात आमचा फ्रिज जिन्याच्या कठड्यावर आपटत होता, तो आवाज अजून कानात आहे.

आता वाशिष्ठी नदीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर हे माझ्या पाचवीतल्या मुलालाही पाठ आहे. भोंगा हवाच, त्याची चाचणीही हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण काल सासूबाईंचा हात अर्धा तास थरथरत होता, तो धरून बसले आणि वाटलं, बाकीच्यांकडे काय होत असेल? लिहा, जमेल तसं.

मनमाडचा

७ मे २०२५. सगळ्या देशात मॉक ड्रिल होतं, आमच्या गावाचं नाव यादीत. आदल्या रात्री ऑपरेशन सिंदूर झालेलं, सकाळपासून टीव्ही बंद नाही. दुपारी सायरन सुरू झाला तर गल्लीतली पोरं आधी गच्चीवर पळाली, विमान बघायला! खाली यायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वडील एकटे शांत. ते ७१ च्या युद्धाच्या वेळी गिरगावात होते. त्यांनी पडदे ओढले, खिडकीपासून लांब बसले आणि मला म्हणाले, "पोरांना आत घे." मग खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, हे सगळं रात्रीपर्यंत सांगत होते. इतकी वर्षं आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

सोनचाफा

पेठमापची ताई, वाचून डोळे भरले. सासूबाईंना नमस्कार सांगा. (पोळीचं काय झालं?)

पेठमापची

कोळसा झाली 😊 गाईलाही देता आली नाही.

हेळवाककर

आमचं गाव कोयनेच्या धरणाखाली. आमच्याकडं भोंगा म्हणजे पाणी सोडणार. पायथ्याच्या वीजघराचं एक युनिट चालू झालं की १०५० क्युसेक, नदीत माणूस, जनावर असंल तर वर काढायचं. लहानपणापासून ऐकतोय, भ्या वाटत नाही, उलट वाजला नाही तर वाटंल. पण आज्जीचं वेगळं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती बाळंतीण होती, भूकंपात मागची भिंत गेली. तिला कुठलाबी मोठा आवाज झाला की पहिलं पोरं मोजायची. आम्ही सगळी मिशा आलेली नातवंडं, तरी मोजायची. शेवटपर्यंत.

परळकर

आमच्या पिढीला भोंगा म्हणजे गिरणीचा. आई भोंग्यावर भात लावायची, घड्याळाची गरजच नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि चाळ एकदम गप्प झाली. वडील तरी पहाटे उठून बसायचे, डबा नाही, काही नाही, नुसते गॅलरीत. मला भोंगा वाजण्याची भीती नाही, न वाजण्याची आहे. विषय थोडा वेगळा झाला, पण हेळवाककरांचं वाचून राहवलं नाही.

सोनचाफा

वेगळा कसला, परळकर काका. लिहा अजून. भोंग्यावर भात लावायचं माझी मावशी पण सांगायची, लालबागची.

परळकर

लालबागला कुठे? आम्ही भारतमाता सिनेमाच्या मागे.

चौकफाटा

फोनवरच्या चाचणीचं लिहू का? २० जुलै २०२३. आदल्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. आम्ही गावातल्या बायका सकाळपासून पायथ्याशी चहा, बिस्किटं, कोरडे कपडे घेऊन उभ्या होतो. पाऊस थांबत नव्हता. वरून कोण येतंय, कोण नाही, सगळ्यांचे डोळे त्या पायवाटेवर. साडेदहाच्या सुमारास दोघातिघांचे फोन एकदम किंचाळले. तो आवाज आधी कुणी ऐकलेलाच नव्हता. स्क्रीनवर आपत्कालीन इशारा, खाली बारीक अक्षरात हा चाचणी संदेश आहे, दुर्लक्ष करा. देशभर तेव्हा अशा चाचण्या चालू होत्या हे नंतर कळलं.

माझ्या शेजारी वाडीतली एक बाई बसली होती, नवऱ्याची वाट बघत. ती उठून उभी राहिली. तिला वाटलं, त्याच्याबद्दल काही आलंय. मला वाचून दाखव म्हणाली. मी काय वाचून दाखवणार होते? 'दुर्लक्ष करा' हे शब्द मी तिच्यासमोर मोठ्याने म्हणू शकले नाही. काही नाही ताई, कंपनीचा मेसेज आहे म्हणाले.

ती सोय वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. अशी सूचना वेळेत, नेमकी आली तर माणसं वाचतील. पण जिथे आदल्या रात्री डोंगर खाली आलाय तेवढा भाग त्या दिवशी वगळता आला असता.

मनमाडचा

🙏

हेळवाककर

काय बोलायचं यावर.

निवृत्त स्वयंसेवक

चौकफाटा, तुमचं वाचून थांबलो होतो, आता लिहितो. मी नागरी संरक्षण दलात बरीच वर्षं स्वयंसेवक होतो. चाचणी का करतात ते सांगतो, कारण प्रत्येक वेळी लोक विचारतात, उगाच कशाला घाबरवता. भोंगा वर्षभर पडून राहिला की मोटर जाम होते, वायर उंदीर खातात. एकदा आम्ही कर्ण्यातून मैनेचं घरटं काढलंय, पिल्लं उडेपर्यंत चाचणी पुढे ढकलली होती. गरजेच्या दिवशी बटण दाबून आवाज आला नाही तर?

दुसरं म्हणजे सूर ओळखा. खालीवर, खालीवर होणारा आवाज दोन मिनिटं, तो धोक्याचा. एकसारखा सरळ आवाज दोन मिनिटं, तो धोका टळल्याचा. ही हवाई हल्ल्याच्या सायरनची पद्धत. धरणाचे, कारखान्यांचे संकेत वेगळे असू शकतात, ते आपल्या गावात विचारून ठेवा. मी सोसायट्यांमध्ये हे सूर ठाऊक असलेल्यांना हात वर करायला सांगायचो, दहातला एक हात यायचा.

ॲमस्टेलव्हीन

इथे नेदरलँड्समध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी बरोबर बारा वाजता सायरनची चाचणी. नवीन होते, नवरा ऑफिसात, बाळ सहा महिन्यांचं. बाळाला घेऊन जेवणाच्या टेबलाखाली बसले. खिडकीतून बघते तर समोरच्या आजी शांतपणे कुंड्यांना पाणी घालतायत! त्यांनी मला टेबलाखाली पाहिलं, दार वाजवून आल्या, कॅलेंडरवर सगळ्या पहिल्या सोमवारांवर गोल करून दिले. आता लेक बारा वाजले म्हणून जेवायला बसते. बाकी नंतर लिहिते, डेकेअरमधून फोन येतोय.

तोक्योतला साताऱ्याचा

जपानात बऱ्याच गावांत रोज संध्याकाळी कर्ण्यांवर एक धून वाजते, साधारण पाचला. पोरं खेळ थांबवून घरी जातात. मला वर्षभर वाटायचं ही मुलांसाठी प्रेमाने केलेली सोय. ती आहेच, पण त्यामुळे आपत्तीच्या वेळचे कर्णे चालू आहेत का, हे रोज तपासलं जातं. एखाद्या दिवशी धून आली नाही तर लोकांच्या लगेच लक्षात येतं.

कडेगावची

आमच्या तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे ना, तिथं रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाईल बंद, दीड तास पोरांनी अभ्यास करायचा. दुसरा भोंगा वाजला की पुन्हा चालू. माझी नणंद तिथली. सुरुवातीला मालिका बुडते म्हणून लई चिडली होती, आता म्हणती त्या दीड तासात घरात बोलणं होतं.

नारायणपेठी

१२ जुलै १९६१, पानशेत. आमच्या आईला कुठला भोंगा आठवत नाही. रस्त्यावरून लोक ओरडत पळत होते, धरण फुटलं, पळा. कुणाला खरं वाटलं, कुणाला नाही. आजोबा देव घ्यायला परत फिरले, थोडक्यात वाचले. पुढे कितीतरी वर्षं पुण्यात नुसत्या अफवेवर माणसं पर्वतीकडे पळायची. म्हणून मला तर चाचणीचा खरा भोंगा बरा वाटतो.

शब्देविण

माझा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. भोंगा त्याच्यासाठी नाहीच. गावात चाचणी झाली तेव्हा तो अंगणात शेंगा फोडत बसला होता, सगळे एकदम एका दिशेला मान वळवून थांबले, तो ते बघून घाबरला. आवाजाला नाही, आमच्या चेहऱ्यांना. फोनची ती आपत्कालीन सूचना मात्र त्याला कळते. फोन जोरात थरथरतो, स्क्रीन उजळते. त्या दिवसापासून तो झोपताना फोन उशीखाली ठेवतो. चौकफाटा ताई, तुम्ही लिहिलंत ते मनात राहील, पण ती चाचणी बंद करू नका असंही मला मनापासून सांगावंसं वाटतं.

चौकफाटा

नाही हो शब्देविण, बंद नकोच. भावाचं वाचून मला उलट बरं वाटलं.

सोनचाफा

आमचा मोती चाचणीच्या भोंग्याला सूर धरून रडतो. भोंगा थांबला तरी दहा मिनिटं चालू. कुत्र्यामांजरांसाठी काय करता कुणी?

हेळवाककर

मांडीवर घ्यायचं अन् कान झाकायचं. म्हशीला कोण मांडीवर घेणार.

पेठमापची

दुपारी सगळे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. कोयनेच्या आज्जीचं दोनदा वाचायला लावलं. चौकफाटाच्या त्या बाईंचा नवरा आला का, असं विचारत होत्या. सांगायचं नसेल तर राहू द्या. मग कॅलेंडर काढायला लावलं. पुढची चाचणी कधी ते मुलाने विचारून यायचं आणि त्यांच्या खोलीत लिहून ठेवायचं ठरलंय, गोल करून, त्या डच आजींसारखं. त्या दिवशी त्यांच्याजवळ बसायचं कामही त्यालाच दिलंय.

चौकफाटा

ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

कडेगावची

कागदपत्रं कशात ठेवता सगळे? आमच्याकडं २०१९ ला पाव्हण्यांचा सातबारा, मार्कलिस्टा सगळं पुरात भिजलं, ब्रह्मनाळजवळ.

पेठमापची

झिपवाल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या, एकात एक दोन. वर फोन नंबर मार्करने. आणि मुलाच्या फोनमध्ये सगळ्याचे फोटो.

परळकर

मोठ्या मापाच्या कुठे मिळतात? माझं सर्व्हिस बुक लांब आहे, घडी केली तर फाटेल.