मदत हवी आहे: १८१५च्या चरित्रातलं सुटलेलं मुखचित्र आणि भुकटी होणारं चामडं

मंडळी, दुरुस्तीला घेतलेलं पुस्तक म्हणजे रॉबर्ट्स व्हॉक्स यांनी लिहिलेलं बेंजामिन ले आणि राल्फ सँडिफर्ड या गुलामगिरीविरोधी क्वेकरांचं (क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ) चरित्र, फिलाडेल्फिया, १८१५. ले म्हणजे तेच, ज्यांनी १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या क्वेकर सभेत पोकळ ग्रंथात दडवलेली लाल रसाची पिशवी तलवारीने फोडली होती.

कागद चिंध्यांचा, त्यामुळे अजून लवचिक आहे. तांबूस डाग आहेत, पण ते धुवायचे नाहीत. खरी अडचण दोन ठिकाणी. ले यांचं मुखचित्र (शीर्षकपानासमोरचं चित्र) शिवणीतून पूर्ण सुटलंय आणि त्याच्या शाईची सावली समोरच्या शीर्षकपानावर उमटलीय. शिवाय पुठ्ठ्यावरच्या चामड्याला हात लावला की विटकरी भुकटी बोटांना लागते.

चित्रासाठी ५ मिमी रुंद जपानी कागदाची पट्टी आणि घट्ट शिजवलेली गव्हाच्या स्टार्चची खळ, असा विचार आहे. थेट कडेला खळ लावून चिकटवलं तर पान उलटताना तिथेच ताण येऊन फाटतं, आणि खळ पातळ झाली तर ओलीची रेघ उमटते. पट्टीचा कागद दर चौरस मीटरला किती ग्रॅमचा घ्यावा? ९ पुरेल का?

चामड्याला पाणी लागलं तर ते काळं पडून कडक होतं, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमधलं २% क्लुसेल-जी (भुकटी बांधून धरणारा सेल्युलोजजन्य पदार्थ) लावायचा विचार आहे. एकच हात द्यावा की वाळवून दुसरा? मेण त्यानंतर लावावं का? तेल सुचवू नका, प्लीज.

आणि चित्रासमोर आम्लरहित टिश्यू कायमचा ठेवला तर बांधणी फुगेल का?