मदत हवी आहे : १ जीबी रॅमच्या उबुंटू सर्व्हरवर बॅकट्रेडर, पांडाज आणि टीए-लिब एकत्र कसे बसवावेत?

नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात राहतो. कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे सभासद एकच प्रश्न विचारतात : कापूस लगेच विकावा की काही महिने घरात भरून ठेवावा? याचे उत्तर अंदाजाने न देता मागील वर्षांच्या भावांवर तपासून द्यावे, या हेतूने बॅकट्रेडर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मी भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर बसवत आहे. (सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले गेल्याने तूर्त फक्त कापूस घेतला आहे.) गावात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नाही, म्हणून सर्व काम टीमक्समध्ये चालवतो, म्हणजे जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचे काम थांबत नाही.

सर्व्हरवर उबुंटू २४.०४ असून त्यासोबत पायथन ३.१२ आलेले आहे. या आवृत्तीत सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) थेट काही बसवता येत नाही, त्यामुळे वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांसाठी स्वतंत्र जागा) केले आणि त्यात बॅकट्रेडर विनातक्रार बसले.

अडचण पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या पायथन लायब्ररीपाशी येते. एका सभासदाच्या मुलाने पूर्वी लिहून दिलेला कोड पांडाज १.५.३ वर चालतो. त्या आवृत्तीचे पायथन ३.१२ साठी तयार व्हील (आधीच कंपाइल केलेले पॅकेज) उपलब्ध नसल्याने पिप ते मूळ सोर्सवरून कंपाइल करू लागते, मेमरी संपते आणि कर्नल ती प्रक्रिया मध्येच मारून टाकतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) तसे स्पष्ट दिसते. पांडाज २ घ्यावे, तर त्यातून डेटाफ्रेमचे (तक्त्याचे) अपेंड, म्हणजे ओळी जोडण्याचे फंक्शन, काढून टाकलेले आहे आणि आमच्या कोडमध्ये ते जागोजागी वापरलेले आहे. शिवाय हा कोड टीए-लिब या इंडिकेटर (भावांवरून काढलेले निर्देशक) काढणाऱ्या लायब्ररीची फंक्शने थेट वापरतो, त्यामुळे बॅकट्रेडरच्या अंगभूत इंडिकेटरवर भागत नाही. टीए-लिबची मूळ सी लायब्ररी कंपाइल करून एलडीकॉन्फिग (सिस्टीमला नव्या लायब्ररीची दखल घ्यायला लावणारी आज्ञा) चालवले असून ती व्यवस्थित सापडते. मात्र तिच्या पायथन रॅपरची (पायथनमधून ती वापरू देणाऱ्या पॅकेजची) ०.४ मालिका नमपाय (पांडाज ज्यावर चालते ती आकडेमोडीची लायब्ररी) १ साठी आणि ०.५ मालिका नमपाय २ साठी असल्याने, पांडाजची आवृत्ती ठरल्याशिवाय रॅपरही ठरवता येत नाही.

माझा कल मिनीफोर्ज (पायथन आणि त्याची पॅकेजे बसवणारी वेगळी व्यवस्था) बसवून त्यात पायथन ३.१० घेण्याकडे आहे, कारण कोंडा-फोर्ज या तिच्या पॅकेज-भांडारात टीए-लिब तयार स्वरूपात मिळते आणि कंपाइल करण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरा मार्ग २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) करून आहे त्याच पायथनवर पांडाज कंपाइल होऊ देण्याचा आहे; पण पांडाज १.५.३ मुळात पायथन ३.१२ साठी तयार केलेलेच नाही, तेव्हा ते कंपाइल झाले तरी त्यावर काढलेल्या निकालांवर विश्वास ठेवावा असे मला वाटत नाही. त्या आकड्यांवर लोक आपला वर्षभराचा माल थांबवून ठेवणार आहेत.

ज्यांनी १ जीबी रॅमवर मिनीफोर्ज वापरले आहे त्यांनी कृपया सांगावे : पॅकेजांच्या आवृत्त्यांची जुळवणी करताना माम्बाला (मिनीफोर्जमधील पॅकेज बसवणाऱ्या साधनाला) एवढी मेमरी पुरते का, की त्यासाठीही आधी स्वॅप फाइल करावी लागते? आणि सर्व्हरला पडदा नसल्याने मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीचे एजीजी बॅकएंड (पडद्याशिवाय चित्र काढणारा भाग) ठेवून बॅकट्रेडरचे आलेख थेट पीएनजी फाइलमध्ये साठवण्यासाठी नेमके काय करावे?