अहिराणी बोलण्यावरून पोराची रील बनवली, खोटं खातं काढलं. काय करावं?

पारोळ्याची आई: मुलगा अकरावीला, जळगावात खोली करून राहतो. त्याच्या अहिराणी बोलण्याचा चोरून काढलेला व्हिडिओ कुणीतरी इन्स्टाग्रामवर टाकलाय, त्याच्याच नावाने खातं उघडून. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचे स्टिकर फिरतात. घरचे म्हणतात मोबाइल काढून घ्या. घ्यावा का? पोलिसांत जावं का?

धुळेकर: ताई, मोबाइल घेऊ नका. तो जाईल या धास्तीनेच पोरं घरी सांगत नाहीत, आणि पुरावाही त्यातच आहे. फोन रिसेट नको, अॅप उडवणं नको.

आधी पुरावा, मग रिपोर्ट, ब्लॉक शेवटी. ब्लॉक केलं की ते खातं त्याला नीट दिसणार नाही. स्क्रीनशॉट कापू नका. खात्याचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. प्रोफाइल आणि रील दोन्हींच्या लिंक कॉपी करून ठेवा. प्रोफाइल उघडण्यापासून रील संपेपर्यंत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. व्हॉट्सअॅपवर स्टिकर पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा शॉट घ्या आणि मीडियासह चॅट एक्स्पोर्ट करा.

खोट्या खात्याला रिपोर्ट करताना ‘माझं सोंग घेतलंय’ हेच कारण निवडा, तेही मुलाच्या खऱ्या खात्यावरून. दहा मित्रांनी ‘आवडलं नाही’ म्हणून रिपोर्ट करून काही होत नाही, संख्येवर निर्णय ठरत नाही. मुलाच्या खऱ्या खात्यावर कमेंट करणाऱ्या पोरांना ‘रिस्ट्रिक्ट’ करा: तिथली त्यांची नवी कमेंट फक्त त्यांनाच दिसते आणि त्यांना कळतही नाही, त्यामुळे चिडून नवं खातं काढण्याचं कारण उरत नाही. मुलगा वर्गाचा ग्रुप सोडणार असेल तर व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीत ‘ग्रुप्स’मध्ये वर्गातली ती नावं वगळा, नाहीतर पुन्हा ओढतील.

भुसावळचा वकील: नुसती चेष्टा असेल तर आधी कॉलेजला लेखी अर्ज. पोच घ्या, तोंडी सांगितलेलं विरून जातं. खोटं खातं मात्र गुन्हा होऊ शकतो, आयटी कायद्याची 66सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि 66डी (दुसरा असल्याचं भासवून फसवणं) ही कलमं पोलीस बघतात. अर्जात 66ए (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराचं जुनं कलम) लिहू नका, ते सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच रद्द केलंय. तक्रार राष्ट्रीय सायबर पोर्टलवर ऑनलाइन करता येते. गुन्हा दखलपात्र असेल तर कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न बघता घेतलेली फिर्याद) नोंदवता येते, जळगावच गाठायला हवं असं नाही.

कुणी त्याचा उघडा किंवा तसा बनवलेला फोटो फिरवला तर गोष्ट वेगळी: मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणारा पॉक्सो कायदा आणि आयटी कायद्याचं 67बी कलम लागतं. तो फोटो मामाला, सरांना, कुणालाच ‘पुरावा म्हणून’ पाठवू नका. अल्पवयीन मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन थेट पोलिसांना दाखवा. असे फोटो इंटरनेटवरून काढायला मदत करणारी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अठराच्या आतल्यांसाठी आहे. तिथे फोटो चढवावा लागत नाही, फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होऊन तेवढाच जातो.

पारोळ्याची आई: कुणी केलं याचा अंदाज आहे. त्यांच्या घरी जाऊन बोलू का?

धुळेकर: पुरावा जपून होईपर्यंत अजिबात नको, त्याच रात्री सगळं डिलीट होतं. नंतरही कॉलेजमध्ये, प्राचार्यांसमोरच बोला. त्याआधी या रविवारी जळगावला जाऊन या. जेवण तुटलंय का, वर्ग बुडवतोय का, झोप लागते का ते बघा. ‘मला राहायचंच नाही’ असं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची मदत 1098 वरही मिळते.